आम्ही हॉर्स्टला फेटा बांधला

इथल्या मराठी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "कॅनडातल्या फुटबॉलमधली तुमची वाटचाल लिहा. जरा प्रेरणादायी होऊ दे." मी हो म्हणालो. फोन ठेवला तशी सुनीता, माझी बायको, किचनमधून बोलली, "वाटचाल कसली? तुम्ही सामान उचलून चालला, तेवढंच."

तिचं खरं आहे. मी एटोबिकोतल्या एका सेमी-प्रो फुटबॉल क्लबचा असिस्टंट मॅनेजर. आजवर एकाही वर्षी मी मॅनेजर झालो नाही आणि होणारही नाही. तेव्हा प्रेरणा ज्यांना हवी असेल त्यांनी पुढचा लेख वाचावा.

मूळ कोल्हापूरचा. तिथं कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात आणि पेठापेठांचं वैर मैदानात फेडलं जातं. आमच्या तालमीकडून मी स्टॉपर खेळायचो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहणारा शेवटचा गडी. माझा खेळ सोपा होता. बॉल आला की तो स्टँडच्या पत्र्यावरून बाहेर घालवायचा. पब्लिक शिट्ट्या मारायचं. मला वाटायचं, मी फार भारी खेळतो. इथं येऊन एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायला लागलो, संध्याकाळी क्लबात फुकट राबायला लागलो आणि फुकट राबणाऱ्याची सवय झाल्यामुळं क्लबनं शेवटी मला पगारावर घेतलं.

असिस्टंट मॅनेजर काय करतो ते सांगतो. मॅनेजर टीम निवडतो. जे खेळणार आहेत त्यांची नावं तो वाचून दाखवतो. जे खेळणार नाहीत त्यांना बाजूला घेऊन सांगायचं काम असिस्टंटचं. म्हणजे गोड बातम्या त्याच्या आणि कडू बातम्या माझ्या. शिवाय सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडा, व्हॅन चालवा, विंटरमध्ये आत खेळायला घुमटाचं मैदान, म्हणजे डोम, बुक करा, घामट जर्सी लाँड्रीला टाका. सुनीता म्हणते, कोल्हापुरात ह्याच कामाला गडी म्हणतात, इथं इंग्रजी नाव आहे एवढंच.

ह्या सगळ्या काळात मी ज्याच्या हाताखाली काम केल्याचा मला अभिमान वाटतो, असा माणूस एकच. हॉर्स्ट.

हॉर्स्ट जर्मनीतल्या कोळशाच्या पट्ट्यातला. बाप खाणीत, पोरगा सेकंड डिव्हिजनमध्ये स्टॉपर. गुडघा गेल्यावर तो मॅनेजर झाला, पण धड क्लब त्याच्या नशिबी आला नाही. बुडायला लागलेले क्लबच त्याला बोलवायचे. तो जायचा, बचाव बांधायचा, क्लब काठाला लावायचा. मग पुढच्या सीझनला मालक म्हणायचे, आता जरा बघण्यासारखं खेळवणारा माणूस आणू या. एका क्लबनं त्याला फॅक्सनं काढलं. दुसऱ्यानं नुसती त्याची गाडी पार्किंगमधून हलवायला सांगितली. एकदा तर त्याला पेपरातून कळलं. "आणि पेपरही माझा नव्हता, सॅम," तो मला सांगायचा, "न्हाव्याचा होता. अर्धी दाढी झाली होती." माझं नाव संपत शिंदे, पण 'सॅम'च्या पुढं त्याची जीभ कधी गेली नाही.

त्याची बायको वारली. एकुलती एक मुलगी लग्न होऊन ब्रॉसार्डला, मॉन्ट्रियलच्या पलीकडं. तिला एक छोटी मुलगी. नातीच्या त्यातल्या त्यात जवळ राहायला मिळावं म्हणून ह्या माणसानं आमचा क्लब घेतला, नाहीतर आमच्याकडं कोण येतो? जोडून सुट्टी मिळाली की तो रात्रीच्या बसनं ब्रॉसार्डला जायचा आणि नात शिकवेल तेवढं फ्रेंच घेऊन परत यायचा. पहिल्या वर्षी त्याला मांजर, चमचा आणि 'नको' एवढं येत होतं. "पुरतं," म्हणायचा. "मॅनेजरला एवढंच लागतं."

पहिल्याच दिवशी त्यानं मला दोरी आणायला सांगितली. चार बचावपटूंच्या कमरेला ती एकच दोरी बांधायची आणि त्यांनी मैदानभर हलायचं. एक पुढं गेला तर चौघं पुढं, एक वळला तर चौघं वळणार. मी डॉलर-शॉपमधून कपडे वाळत घालायची दोरी आणली. निळी, प्लास्टिकची. पहिल्याच धावेत ती ताणली, सटकली आणि आमचा लेफ्ट-बॅक थेट कोपऱ्यातल्या झेंड्यावर जाऊन पडला. हॉर्स्टनं दोरी हातात घेऊन बघितली. "सॅम, तुझ्या देशात ह्याला काय बांधतात?" मी म्हटलं, "चड्ड्या." तो म्हणाला, "मग बरोबर आहे. आज आपण चड्ड्यांसारखंच खेळलो."

पण त्या दोरीनं मला माझाच धंदा पन्नाशीत कळला. स्टॉपर म्हणजे एकटा शूर गडी नव्हे. बाजूचा काय करणार हे न बघता कळणं म्हणजे बचाव. चांगला बचाव झाला की मैदानात काहीच घडत नाही. आणि काहीच घडत नाही ते बघायला तिकीट काढून कोण येणार? इथंच आमची गाडी अडली.

कोणीच यायचं नाही. क्लबच्या फुटबॉल-शाळेत मुलांना घालणारे आपले मराठी बापसुद्धा मॅचला फिरकायचे नाहीत. हे बाप म्हणजे माझं खास गिऱ्हाईक. पुण्याचे, नागपूरचे, टेकमधले. एक जण मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "काका, आमच्या आरवला डिफेन्सला का टाकलंय? त्याचं पोटेन्शियल फॉरवर्डचं आहे. मी ॲनॅलिसिस केलंय." मागं उभा आरव म्हणाला, "Dad, I like defence." बाप म्हणाला, "तू गप बस, हे तुझ्या फ्यूचरचं बोलणं चाललंय."

माझे घोटाळेही क्लबला पोषक नव्हते. आमच्या लीगमध्ये खेळाडू बदलताना नंबराची पाटी असिस्टंटनं धरायची. एका मॅचला आम्ही एका गोलनं पुढं होतो. हॉर्स्ट म्हणाला, नऊ नंबर दमलाय, काढ. मी पाटी उलटी धरली. सहा नंबर, आमचा स्टॉपर, शिस्तीचा पोरगा, मान खाली घालून बाहेर आला. बदली फॉरवर्ड आत गेला. रेफरीनं शिट्टी वाजवली. आता मैदानात दोन फॉरवर्ड आणि मधोमध खिंडार. त्यातून दोन गोल आले. व्हॅनमध्ये हॉर्स्ट पट्टा लावून बसला. मग म्हणाला, "आज आपण पहिल्यांदा आक्रमक खेळलो. ग्रेग खूश होईल."

ग्रेग म्हणजे क्लबचा मालक. कॉन्डो, म्हणजे फ्लॅटचे टॉवर, बांधतो. मनाचा वाईट नाही, पण फुटबॉल त्याच्यासाठी रिकाम्या प्लॉटसारखा, काहीतरी उभं राहिलेलं दिसलं पाहिजे. सीझन संपत आला, आम्ही तळाशी, आणि ग्रेगनं मला कॉफीला बोलावलं. मला, हॉर्स्टला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"सॅम, ही इज अ गुड मॅन. पण स्टँड रिकामं आहे. त्याचं कॉन्ट्रॅक्ट ह्या महिन्यात संपतंय. लोकांना तो हवाय असं मला एकदा दिसू दे, मी रिन्यू करतो."

इथल्या वाचकांना पुढचं समजावून सांगायला नको. हॉर्स्टचा वर्क परमिट क्लबच्या नावावर. क्लब सुटला की परमिट कागदापुरता. पीआरला, म्हणजे कायमचं राहायला, अर्ज करावा, तर त्याच्या वयाला पॉइंट शून्य. ह्या वयात दुसरा क्लब कोण देणार? मुलगी म्हणायची, पपा, आईबापांसाठीचा सुपर व्हिसा काढू, त्यावर काम करता येत नाही तर नको करू, आमच्या बेसमेंटमध्ये राहा. तो मला म्हणाला होता, "तिथं मी फर्निचर होईन, सॅम. नात येऊन माझ्यावर बसेल. छान वाटेल. पण मी फर्निचर होईन." काम करत असलेला आजोबा म्हणूनच त्याला त्या पोरीसमोर उभं राहायचं होतं. त्याची नोकरी वाचवायची, तर मला स्टँड भरायचं होतं.

आता कोल्हापूरचा माणूस अशा वेळी काय करील? आमच्याकडं एखादा आवडता आहे हे दाखवायची एकच रीत. आमची टीम एकदा इथल्याच लंडन नावाच्या गावाला मॅचला गेली तेव्हा आमच्या पेठेत माझा फ्लेक्स लागला होता, 'लंडन गाजवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आम्ही ती मॅच हरलो होतो आणि मी फक्त व्हॅन चालवली होती. म्हणून मी मराठी मंडळाच्या अध्यक्षा शुभदाताईंना फोन लावला आणि म्हटलं, ताई, शेवटच्या मॅचला आपली माणसं आणा.

शुभदाताई सदाशिव पेठेतल्या. म्हणाल्या, "नुसत्या फुटबॉलला कोण येणार हो शिंदेकाका? कार्यक्रम हवा. सत्कार ठेवा. ढोलपथक सांगते, वडे सांगते. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र. मग मध्ये तुमची मॅच असली तरी लोक सहन करतील."

"मानपत्र कोण लिहिणार?"

"तुम्हीच. तुम्ही ओळखता त्यांना. इंग्लिशमध्ये लिहा, त्यांना कळायला नको का?"

मी बसलो. हॉर्स्टविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं, पण कागदावर 'मानपत्र' हा शब्द लिहिला की मराठी माणसाचा हात आपोआप चालायला लागतो. मी आयुष्यात जी मानपत्रं ऐकली ती हेडमास्तरांची, पोस्टमास्तरांची, एका वीज मंडळाच्या इंजिनियरची. माझी वाक्यं तिथूनच आली. आपली प्रदीर्घ व निःस्वार्थ सेवा. आयुष्याची उमेदीची वर्षं आपण वेचलीत. आपण लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला आहे. आपल्या जीवनाची संध्याकाळ नातवंडांच्या सहवासात आरोग्यसंपन्न जावो. हे सगळं मी इंग्रजीत केलं आणि सुनीताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं आहे. पण माणूस गेल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तुला साहित्यातलं काय कळतं? शुभदाताईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "सुंदर! फक्त 'ऋषितुल्य' बसवा कुठंतरी." तेही बसवलं.

शनिवार, गार वारा, मैदानाभोवती मेपलची पानं पडलेली. आणि स्टँड भरलेलं! मी ह्या क्लबात असं कधी बघितलं नव्हतं. पैठण्या, त्यावर विंटर जॅकेटं, वड्यांचा वास. ढोलपथकात सगळे कॉलेजचे स्टुडंट्स, निम्मे शिफ्ट संपवून थेट आलेले. ग्रेग दारात उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. माझ्याकडं बघून त्यानं अंगठा वर केला. मी मनात म्हटलं, संपत, आयुष्यात पहिल्यांदा एक काम सरळ झालं.

हॉर्स्टला हार घालून फेटा बांधताना तो ताठ उभा होता, फ्री-किकला भिंतीत उभे राहतात तसा. "सॅम, आपण अजून काही जिंकलो नाही. हार कशासाठी?"

"आमच्यात आधीच घालतात."

"आणि हरलो तर?"

"तर काढून घेत नाहीत."

ते त्याला आवडलं. एक बरोबरी मिळाली की आम्ही खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचणार होतो, आणि बरोबरी हा तर त्याचा घरचा पदार्थ. स्वारी खुशीत होती.

शुभदाताईंनी शाल घातली, नारळ दिला. मग त्यांच्या निवेदनाच्या आवाजात मानपत्र वाचलं. निःस्वार्थ सेवेपर्यंत मी छाती काढून ऐकत होतो. 'उमेदीची वर्षं वेचलीत'ला ग्रेगनं मोबाइल खाली घेतला. 'जीवनाची संध्याकाळ'ला त्यानं डोळ्यावरचा गॉगल काढला. शुभदाताईंच्या सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या कोणत्याही मानपत्राला रडतात, पण ग्रेगला ते कुठं माहीत? 'नातवंडांच्या सहवासात' संपलं आणि ग्रेग पायऱ्या उतरून सरळ आला, त्यानं माइक घेतला.

"फ्रेंड्स," त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, "मला आज कळलं. हॉर्स्ट, तू कधी बोलला नाहीस. तू इतका मोडेस्ट आहेस. मला कॉन्ट्रॅक्टची काळजी होती आणि तू मनात निवृत्तीचा निर्णय घेऊनही टाकला होतास. क्लबच्या वतीनं थँक यू. हॅपी रिटायरमेंट, माय फ्रेंड!"

आणि अख्खं स्टँड उठून उभं राहिलं. सगळ्यात जोरात टाळ्या आपल्या लोकांच्या. मी "नो, नो!" म्हणत पुढं धावलो, पण माइक खाली आला म्हणजे आपली पाळी, असं समजून ढोलपथक सुरू झालं. ढोलापुढं माझं कोण ऐकतंय? लोकांना वाटलं, मला भरून आलंय. कुणीतरी मला खेचून हॉर्स्टच्या शेजारी फोटोत उभं केलं.

हॉर्स्टनं माझ्याकडं बघितलं. रागावून नाही. विरोधी गडी आपल्याला ओलांडून गेला, पुढं फक्त गोलकीपर, अशा वेळी स्टॉपर एक क्षण बघतो ना, आता धावून उपयोग आहे का, तसं. मग त्यानं आमच्याकडच्यासारखे हात जोडले. मीच शिकवले होते.

मॅच झाली. हॉर्स्टनं फेटा उतरवून बेंचवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून, नेहमीसारखा एका एका पावलासाठी ओरडत, शून्य-शून्य बरोबरी काढली. क्लब वाचला. अर्धे लोक हाफटाइमला वडे संपल्यावर गेले. उरलेल्यांनी एकदाच टाळ्या वाजवल्या, आमच्या पोरानं बॉल उगाच उंच आभाळात मारला तेव्हा. हॉर्स्टनं कपाळावर हात मारला.

मी धावत ग्रेगच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. मानपत्र कसं असतं, सत्कार कसा असतो, आमच्यात तरण्याताठ्या नगरसेवकाचाही करतात. त्यानं शांतपणे ऐकलं.

"सॅम, म्हणजे त्याला निवृत्त व्हायचं नव्हतं?"

"नाही! तूच म्हणालास ना, लोकांना तो हवाय असं दिसू दे?"

"दिसलं ना. किती ब्युटिफुल गुडबाय होता. आता मी त्याला परत आणला तर हे लोक म्हणतील, आपल्याला फसवलं." मग मोबाइलवरचा व्हिडिओ बघत म्हणाला, "असं काहीतरी दरवर्षी करता येईल का? ड्रम्स वगैरे?"

त्याला खरंच तसं वाटलं, की संधी साधली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र कळलं, की कॅनडात माणसाला निरोप द्यायला गर्दी मिळते. थांब म्हणायला मिळत नाही. कोल्हापुरात वेगळं असतं असंही छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

पार्किंगमध्ये हॉर्स्ट व्हॅनला टेकून उभा होता. शाल अंगावरच होती, थंडी होती म्हणून.

"तू माइक का नाही घेतलास?" मीच उलटा त्याच्यावर ओरडलो. "मी रिटायर होत नाही, एवढंच म्हणायचं होतं!"

"ती म्हातारी बाई रडत होती, सॅम."

"ती सगळ्यालाच रडते!"

"हे तू आधी सांगायला हवं होतंस." मग म्हणाला, "मला फार लोकांनी काढलंय. ज्यांना मी नको होतो त्यांनी. त्यांना काय बोलायचं ते मला पाठ आहे. आज ज्यांना मी हवा होतो त्यांनी काढलं. ह्याचा सराव मी कधी केला नव्हता."

मी म्हटलं, "वडा खाणार?" माझ्या खिशात एक गार वडा होता, कागदात गुंडाळलेला. त्यानं अर्धा घेतला.

नवा मॅनेजर आला. तरुण आहे, लॅपटॉप घेऊन येतो. दोरी त्यानं कचऱ्यात टाकली. आता आम्ही गोल करतो आणि त्याहून जास्त खातो. स्टँड होतं तेवढंच रिकामं आहे. खेळणार नाहीत त्यांना अजून मीच सांगतो.

हॉर्स्टनं विंटरभर आसपासच्या सगळ्या क्लबांत विचारून बघितलं. लोक प्रेमानं बोलायचे. म्हणायचे, अरे, तुझ्या रिटायरमेंटचा व्हिडिओ बघितला, ग्रेट! काही आठवडे तो ब्रॉसार्डला बेसमेंटमध्ये राहिला. मग एक दिवस फोन आला, जर्मनीला परत जातोय, तिथल्या गावात पोरांना शिकवायला कुणीतरी हवंय. सामान घ्यायला तो एटोबिकोला आला आणि एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो, क्लबच्या व्हॅननं.

बॅग ठरलेल्या वजनापेक्षा जड भरली. काउंटरसमोर त्यानं ती उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. बूट काढले, जॅकेट काढलं, मुलीनं दिलेली मेपल सिरपची बाटली माझ्या हातात दिली. तळाशी, दोन स्वेटरांच्या मध्ये, ते मानपत्र. फ्रेमसकट.

"हे तरी टाक की," मी म्हटलं. "काय लाजवतोस मला? भिंतीवर लावणार आहेस का?"

"लावणार. फ्रेम चांगली आहे, खरं लाकूड. आतला कागद काढून नातीचा फोटो बसवेन."

मी फ्रेम त्याच्या हातातून घेतली, माझ्या मफलरमध्ये गुंडाळली आणि परत स्वेटरांच्या मध्ये ठेवली. म्हटलं, "काच आहे. जपून ने."